गळा आणि ओढ

जनावराच्या अंगावर माणूस जी दोरी, जो पट्टा किंवा जी साखळी चढवतो, तिचे नेमके काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर मराठी शेतीच्या भाषेने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. बैलाला गोठ्यात बांधायचे ते दावे, नाकातून ओवायची ती वेसण, हाकताना हातात धरायचा तो कासरा, ओझे ओढताना मानेवर येते ते जू, जू जागचे हलू नये म्हणून गळ्याखालून सैल बांधायची ती जुपणी, मोकाट पळणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवायचे ते लोढणे आणि वाटेने जाताना वाजावी म्हणून घालायची ती घुंगुरमाळ. या सात वस्तूंना सात नावे आहेत, कारण त्यांची कामे सात आहेत, आणि एकीचे काम दुसरीकडून करून घेतले तर जनावर दुखावते, हे ज्याचे पोट त्या जनावरावर अवलंबून होते त्याला चांगले ठाऊक होते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मराठी भाषा एका शब्दावर थांबली, आणि तो शब्द म्हणजे पट्टा. कुत्रा कोणाचा आहे हे पट्ट्यानेच सांगायचे, दाराशी त्याला पट्ट्यानेच बांधायचे, रस्त्यावर पट्ट्यानेच आवरायचे, वळवायचेही पट्ट्याने आणि चुकल्यास हिसका द्यायचा तोही पट्ट्यानेच. गेल्या काही वर्षांत दुकानांतून हार्नेस, म्हणजेच ज्याला पुष्कळ दुकानदार ‘बॉडी बेल्ट’ म्हणतात तो छातीभोवती आणि पाठीवरून बसणारा पट्ट्यांचा साज, सर्वत्र मिळू लागला आणि त्याबरोबर गळ्याचा पट्टा चांगला की हार्नेस चांगला असा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. या प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. दोन वस्तूंपैकी श्रेष्ठ कोणती हे ठरवण्याआधी, कुत्र्याच्या शरीराच्या कोणत्या भागाने कोणते काम करावे हे ठरवावे लागते, आणि तसे ठरवू गेल्यास ओळख गळ्याने सांगावी पण ओढ गळ्याने सोसू नये, या निष्कर्षापाशी यावे लागते.

गळ्यातील पट्ट्याचा इतिहास पाहिला तर तो मुळात ओढण्यासाठी नव्हताच, असे मानायला जागा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन लेखक व्हारो याने शेतीवरील आपल्या ग्रंथात मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी खिळे बसवलेल्या चामडी पट्ट्याचे वर्णन केले आहे. लांडग्याने गळा पकडू नये यासाठी ते खिळे असत, आणि त्यांचे लोखंड कुत्र्याच्याच कातडीला टोचू नये म्हणून खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातड्याचे अस्तर लावावे, असेही त्याने सांगितले आहे. हिमाचल आणि उत्तराखंडातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात आजही लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण तेथे बिबट्या कुत्र्याच्या गळ्यावरच झेप घेतो. गळा हा देहाचा सर्वांत नाजूक आणि म्हणून सर्वांत आधी झाकण्याजोगा भाग आहे, ही जाणीव या दोन्ही पट्ट्यांच्या मुळाशी आहे.

पट्ट्याचे दुसरे जुने काम ओळखीचे. ते किती महत्त्वाचे ठरू शकते याचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. १८३२ सालच्या जून महिन्यात मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी समाजाच्या पुढाकाराने मोठा उद्रेक झाला, दुकाने बंद राहिली आणि लष्कर बोलवावे लागले. त्या क्षोभामागे धर्मभावना होती, बक्षिसाच्या लोभाने चाललेल्या कत्तलीचा संताप होता, आणि कुणाचा कुत्रा मोकाट व कुणाचा पाळीव हे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने कशावरून ठरवायचे, हा प्रश्नही त्यात होता. पट्टा आणि त्यावरचा बिल्ला या प्रश्नाला उत्तर देतात. दिवाळीत फटाक्यांना भिऊन पळालेला कुत्रा दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाच्या हाती लागतो तेव्हा त्याच्या गळ्यातील दूरध्वनी क्रमांकाइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नसते. हार्नेसचा कितीही कैवार घेतला तरी हे काम त्याच्याकडे सोपवता येत नाही, कारण हार्नेस घरात आल्यावर काढून ठेवायचा असतो आणि कुत्रा हरवतो तो बहुधा दार उघडे राहिल्याने, फिरायला नेताना नव्हे.

आता ओढीचा विचार. येथे शरीररचनेत शिरल्यावाचून गत्यंतर नाही, आणि येथेही मराठी शब्दच वाट दाखवतात. मान, मानगूट, गळा, नरडे हे शब्द एकाच अवयवाची पर्यायी नावे नाहीत. मान म्हणजे डोके आणि धड यांना जोडणारा संपूर्ण भाग, मानगूट म्हणजे त्याची मागची, स्नायूंनी भरलेली बाजू, आणि गळा किंवा नरडे म्हणजे पुढची, जिच्यात श्वासाची आणि अन्नाची वाट आहे ती बाजू. कुत्रीण आपल्या पिल्लाला तोंडात धरून उचलते, तेव्हा कुत्र्याची मान मजबूतच असते, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. पण ती पिल्लाला मानगुटीने उचलते, नरड्याने नव्हे. शिवाय ते पिल्लू काही दिवसांचे आणि काही शे ग्रॅमांचे असते. पट्टा दिसायला मानेभोवती सारखा बसलेला असला तरी कुत्रा पुढे आणि माणूस मागे असताना दोरी ताणली की त्याचा सगळा भार मानगुटीवरून सुटून नरड्यावर येतो.

त्या नरड्यात काय काय आहे हे एकदा नीट ध्यानात घेतले पाहिजे. कातडीखाली बोटाने सहज लागते ती श्वासनलिका. ती कूर्चेच्या, म्हणजे हाडाहून मऊ आणि लवचीक अशा ऊतीच्या, कड्यांची बनलेली असते. ही कडी पूर्ण वर्तुळाकार नसतात, पाठीच्या बाजूला ती उघडी असून तेथे केवळ स्नायूचा पातळ पडदा असतो. तिच्या वरच्या टोकाला स्वरयंत्र, त्याच्या जरा खाली दोन्ही बाजूंना थायरॉइड ग्रंथीचे दोन भाग, शेजारून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या आणि मेंदूकडून परत आणणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, स्वरयंत्राला चालना देणाऱ्या नसा, मागे अन्ननलिका आणि तिच्याही मागे मानेचे सात मणके, अशी ही दाटीची जागा आहे. या भागावर छातीसारखा बरगड्यांचा पिंजरा नाही. छातीचे हाड आणि खांद्याचे स्नायू ज्या भाराने जागचे हलतही नाहीत, त्याच भाराने श्वासनलिका चपटी होऊ शकते.

हा भार केवढा असतो, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. वीस किलो वजनाचा कुत्रा मांजर पाहून सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाने सुटला, तर त्याच्या गतीत २५० जूल ऊर्जा असते. दोरी संपल्यावर माणसाचा हात, दोरीचा ताण आणि कुत्र्याचे मागे खेचले जाणे मिळून तो अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला असे धरले, तर थांबवणारे सरासरी बल ५०० न्यूटन होते, म्हणजे त्या क्षणी पट्ट्यावर सुमारे ५० किलो वजन टांगल्यासारखे होते. पट्टा अडीच सेंटीमीटर रुंद आणि गळ्याचा व्यास साडेबारा सेंटीमीटर असेल तर हा भार जेमतेम ३१ चौरस सेंटीमीटरांवर पडतो आणि दाब सुमारे १६० किलोपास्कल होतो. ज्या १२० या आकड्याला निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब म्हणून सर्वजण ओळखतात, तो याच मापात १६ किलोपास्कल भरतो. रक्त ज्या दाबाने धमनीतून वाहते त्याच्या दहापट दाब बाहेरून गळ्यावर क्षणभर येतो, असा याचा अर्थ, आणि ही सरासरी झाली. कडेशी, बकलापाशी किंवा अरुंद पट्ट्याखाली तो याहून अधिक असणार. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातील संशोधकांनी गळ्याच्या कृत्रिम प्रारूपावर निरनिराळे पट्टे ओढून मोजमापे घेतली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यांत पट्ट्याचा प्रकार आणि ओढीची तीव्रता यांनुसार दाब ८३ पासून ८३२ किलोपास्कलपर्यंत आढळला, आणि ओढणाऱ्या कुत्र्यासाठी निर्धोक म्हणता येईल असा एकही पट्टा त्यांना सापडला नाही. रुंद, मऊ, अस्तर लावलेला पट्टा अरुंद पट्ट्यापेक्षा बरा, यात शंका नाही, पण त्याने प्रश्नाचे स्वरूप पालटत नाही.

परिणाम केवळ श्वासापुरता राहत नाही. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब मोजण्यात आला. डोळ्यातील दाब म्हणजे बुबुळामागील द्रवाचा आतून बाहेर असलेला दाब, जो प्रमाणाबाहेर वाढल्यास काचबिंदू होतो. गळ्याच्या पट्ट्याने ओढ लागली असता हा दाब लक्षणीय वाढला आणि हार्नेसने तेवढीच ओढ लागली असता वाढला नाही. ज्या कुत्र्याला काचबिंदू आहे, बुबुळाला जखम आहे किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्या बाबतीत या निष्कर्षानंतर चर्चेला जागाच उरत नाही.

महाराष्ट्रातील घरांना हा विषय विशेष लागू होतो, कारण येथे लोकप्रिय असलेल्या जातींपैकी अनेकींचा गळा मुळातच दुबळा आहे. पॉमेरेनियन आणि त्याच्या कुळातील पांढरे स्पिट्झ शहरी मराठी घरांत फार मोठ्या संख्येने पाळले गेले. छोट्या जातींत श्वासनलिकेची कडी वयाबरोबर मऊ पडून नलिका चपटी होण्याचा विकार आढळतो, आणि पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर, चिवावा या जाती त्यात अग्रभागी आहेत. दोरी ताणताच येणारा हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा, कर्कश खोकला हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. हा विकार पट्ट्यामुळे उत्पन्न होतो असे नाही, तो बहुतांशी जन्मजात कमकुवतपणातून येतो. पण पट्ट्याची ओढ तो चिघळवते, म्हणूनच पशुवैद्य अशा कुत्र्याचा गळ्याचा पट्टा पहिल्याच भेटीत सोडायला सांगतात. २००३ सालच्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेल्या पगचा प्रश्न निराळा आहे. त्याचे नाक माणसाने केलेल्या निवडीमुळे इतके आखूड झाले आहे की पट्टा नसतानाही त्याला श्वास घेणे कष्टाचे जाते. ज्या प्राण्याचा प्रत्येक श्वास आधीच अडखळत येतो, त्याच्या नरड्यावर दोरीचा भार टाकण्याचे समर्थन कोणत्याही सोयीने होऊ शकत नाही.

याउलट मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकाचा सीमाभाग येथील कारवानी आणि मुधोळ हे शिकारी कुत्रे. यांपैकी मुधोळवर २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिकीटही काढले. त्यांचे डोके निमुळते आणि मान लांब व डोक्याच्या मानाने जाड असते, त्यामुळे साधा पट्टा एक पाऊल मागे घेताच डोक्यावरून निसटतो. तो निसटू नये म्हणून घट्ट आवळला तर गळा सतत दाबला जातो. नजरेने शिकार हेरून क्षणात पूर्ण वेग पकडणाऱ्या या कुत्र्यांचा दोरीच्या टोकाशी बसणारा हिसका इतर जातींच्या मानाने कितीतरी मोठा असतो, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. यांच्यासाठी मार्टिंगेल नावाचा, दोन फासांचा आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळला जाणारा पट्टा परदेशांत वापरतात. तो निसटणे थांबवतो, हिसका थांबवत नाही. खोल छातीच्या अशा कुत्र्याला कमरेच्या बाजूला तिसरा आडवा पट्टा असलेला हार्नेस लागतो, ज्यातून तो मागे सरकून बाहेर पडू शकत नाही.

एवढे झाल्यावर हार्नेसच्या बाजूने बोलणाऱ्यांना काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण खरी बाजू अतिशयोक्तीने दुबळी होते. गळ्याच्या पट्ट्याने थायरॉइड ग्रंथी निकामी होते, असे विधान सर्रास केले जाते. ग्रंथी पट्ट्याच्या जागेजवळ आहे एवढाच त्याचा आधार आहे. कुत्र्यांतील थायरॉइडची कमतरता मुख्यतः शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला केल्याने किंवा ग्रंथी आपोआप आक्रसत गेल्याने होते. तसेच पट्टा घातलेला प्रत्येक कुत्रा दुःखात असतो, हेही खरे नाही. २०१६ साली पट्टा आणि हार्नेस घालून चालणाऱ्या कुत्र्यांच्या ताणदर्शक वर्तनाची, म्हणजे कान पाडणे, ओठ चाटणे, अंग झाडणे यांसारख्या खुणांची, तुलना झाली, तेव्हा दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. दोरी सैल असेपर्यंत पट्टा हा फक्त गळ्यातला अलंकार असतो. अपाय ताणात आहे. मात्र यावरून, आपला कुत्रा ओढत नाही म्हणून पट्टाच पुरेसा आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्याने एवढे पाहावे की शांत कुत्राही वर्षातून दोन-चार वेळा अचानक सुटतोच, आणि दुखापत नेमकी त्या दोन-चार वेळी होते.

अतिशयोक्तीचा असाच एक धडा घोड्याच्या इतिहासात आहे. रिशार लफेव्र दे नोएत या फ्रेंच घोडदळातील अधिकाऱ्याने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की प्राचीन जगात घोडा गळ्यावरच्या पट्ट्याने ओढत असे, त्याने त्याची श्वासनलिका दाबली जाई, म्हणून त्याला जड ओझे ओढता येत नसे. खांद्यावर भार घेणारे गळपट्टे आले तेव्हा कुठे घोड्याची खरी ताकद माणसाला मिळाली, आणि त्यातून समाजाची घडणच बदलली. पुढे झाँ स्प्रुइत याने प्राचीन साज पुन्हा बनवून, प्रत्यक्ष घोडे जुंपून दाखवले की त्या साजाने घोडा गुदमरत नव्हता, प्राचीन कारागिरांनी भार गळ्यावर जाणार नाही याची काळजी घेतलीच होती. लफेव्रचा इतिहास चुकला, पण दोघांच्याही वादामागील शरीरशास्त्राबद्दल मतभेद नव्हता: ओढायचे तर हाडावर आणि स्नायूवर, श्वासाच्या वाटेवर नाही. मराठी शेतकऱ्याचे जूही बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे बसते आणि भार वशिंडाशी अडतो. गळ्याखालची जुपणी जू जागी ठेवण्यापुरती असते, ती कोणी ओढीला लावत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, म्हणजे हळद आणि तूप किंवा लोणी लावून बैलाचा खांदा मळतात, तेव्हा वर्षभर भार कोणत्या जागी सोसला गेला याची ती उघड कबुली असते. कुत्र्याच्या वाट्याला अशी कबुली कधी आली नाही.

हार्नेसविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप याच जागी येतो. जो साज ओढण्यासाठी बनवला, तो घातल्यावर कुत्रा अधिक ओढणारच, असे अनेक प्रशिक्षक म्हणतात, आणि ते चूक नाहीत. ध्रुवप्रदेशातील घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा साज छातीवर आणि खांद्यांवरच भार देतो, आणि २०२१ साली निवारागृहातील कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासातही हार्नेस घातलेल्या कुत्र्यांनी पट्टा घातलेल्यांपेक्षा अधिक जोराने ओढले. परंतु यातून काय सिद्ध होते ते पाहिले पाहिजे. पट्ट्यात कुत्रा कमी ओढतो, कारण ओढल्यास दुखते किंवा श्वास अडतो. म्हणजे पट्ट्याचा जो गुण सांगितला जातो, तो त्याच्या अपायाचेच दुसरे नाव आहे. दुखण्याने आवरलेल्या कुत्र्याला चालणे शिकवले असे म्हणता येत नाही, त्याला दुखणे टाळायला शिकवले इतकेच म्हणता येते. आणि ज्याला दुखण्याची सवय होते तो घरघर करत, जीभ बाहेर काढून, तरीही ओढतो. असे कुत्रे सकाळी कोणत्याही बागेबाहेर दिसतात.

गळा ही शिस्तीची जागा आहे, या समजुतीला एक परंपरा आहे. जर्मन लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांचे प्रशिक्षक कोनराड मोस्ट यांचे १९१० सालचे पुस्तक आणि अमेरिकेत विल्यम कोलर यांचे १९६२ सालचे पुस्तक या परंपरेचे टप्पे आहेत. आवळणारी साखळी, म्हणजे ओढताच गळ्याभोवती घट्ट होणारी कडीची साखळी, हे तिचे हत्यार. योग्य क्षणी दिलेला हिसका कुत्र्याला चूक दाखवतो, हा तिचा सिद्धान्त. तो क्षण अचूक साधणारा प्रशिक्षक विरळा, आणि साधला तरी कुत्रा हिसक्याची सांगड आपल्या वागण्याशीच घालेल याची खात्री नसते. समोरून दुसरा कुत्रा येत असताना गळ्याला हिसका बसला तर दुसरा कुत्रा म्हणजे वेदना, अशीही सांगड तो घालू शकतो, आणि मग भीतीतून आक्रमकता उपजते. साखळीऐवजी काटे किंवा विजेचा झटका वापरला तरी तर्क तोच राहतो. वेल्समध्ये २०१० साली विजेच्या झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी आली ती याच विचारातून.

कुत्रा ओढतो याची कारणे बहुधा साधी असतात. त्याची स्वाभाविक चाल माणसाच्या चालण्यापेक्षा वेगवान आहे, त्याचे जग वासांचे आहे, आणि ओढल्यावर तो हवा तो वास गाठतो, म्हणजे ओढण्याला दर वेळी बक्षीस मिळते. दोरी ताणली की थांबायचे आणि सैल झाली की पुढे चालायचे, एवढा एक नियम महिनाभर न कंटाळता पाळला तर बहुतेक कुत्रे सैल दोरीने चालू लागतात. या महिन्यात ओढ कुठे पडणार, छातीवर की नरड्यावर, हे माणसाने ठरवायचे असते, आणि शिकण्याच्या काळातली चूक शिकणाऱ्याच्या श्वासावर पडू नये, ही अपेक्षा मोठी नाही. अंगाने फार बलवान कुत्रा आवरणे ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी छातीच्या पुढच्या बाजूस कडी असलेला हार्नेस असतो. त्याला दोरी लावली की ओढणारा कुत्रा आपोआप बाजूला वळतो आणि त्याचा जोर फुकट जातो. वृद्धांसाठी हा उपाय मोलाचा आहे.

हार्नेस निर्दोष आहे असे मात्र समजू नये. छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्याच्या सांध्यासमोर येतो आणि पुढचा पाय पूर्ण लांब पडू देत नाही. म्हणून इंग्रजी वाय अक्षरासारखा, छातीच्या हाडावरून उभा जाणारा साज बरा मानतात. पण २०१९ सालच्या एका अभ्यासात, खांदा मोकळा ठेवतो म्हणून विकला जाणारा हार्नेसही खांद्याची हालचाल कमी करतो, किंबहुना आडव्या पट्ट्याच्या हार्नेसपेक्षा अधिक कमी करतो, असे आढळले. त्यात तपासलेले कुत्रे थोडे होते, पण वेष्टनावरील शब्दांवर विसंबू नये एवढे त्यातून निश्चित कळते. साज कुत्र्याच्या अंगावर चढवून, त्याला चालवून आणि दुडक्या चालीने पळवून, पायाची फेक बाजूने पाहूनच निवडावा. पट्टा आणि अंग यांमध्ये दोन बोटे सहज जावीत आणि काखेत पट्टा घासू नये, कारण बैलाला जशी जुवाने खांदेसूज येते, तशी कुत्र्याच्या काखेत हार्नेसने जखम होते. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात नायलॉनचा साज ओला राहतो, त्याखाली बुरशी धरते, गोचीड आसरा घेतात. तो दर फेरीनंतर काढून वाळवलाच पाहिजे. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना, जाड अस्तराचा जाकिटासारखा हार्नेस घालणे धोक्याचे आहे, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो आणि त्याच्या छातीवरच कापूस बांधलेला असतो. तेथे दोनतीन पट्ट्यांचा, उघडा साजच हवा. वाढत्या पिल्लाचा साज दर आठवड्याला सैल करत राहावे लागते.

दोन्ही वस्तू एकाच अंगावर शांतपणे नांदू शकतात, याचे जुने उदाहरण अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांचे आहे. जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली, महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी, अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. ताठ मुठीचा हार्नेस अंगावर चढला की कुत्र्याला काम सुरू झाल्याचे कळते आणि उतरला की संपल्याचे. गळ्यातला पट्टा मात्र तसाच राहतो. घरच्या कुत्र्यालाही ही भाषा समजते, आणि हार्नेसचा आवाज ऐकताच तो दाराशी का जातो याचे उत्तर तीत आहे.

दाव्याचा प्रश्न याहून कठीण आहे. महाराष्ट्रातील असंख्य कुत्रे दिवसातले बहुतेक तास जिन्याच्या कठड्याला, गेटला किंवा अंगणातील खांबाला साखळीने बांधलेले असतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्याच्या ११व्या कलमानुसार जनावराला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून व्यायाम न देणे हाही गुन्हा आहे. येथे पट्ट्याऐवजी हार्नेस आणणे हे उत्तर नव्हे. बांधलेला कुत्रा हार्नेसमध्ये पाय अडकवून घेतो, काख सोलून घेतो आणि तो चावून तोडतो. तासन्तास बांधून ठेवण्याजोगी कोणतीही वस्तू कुत्र्यासाठी बनलेली नाही. अशा घराने वस्तू बदलण्याआधी साखळीचे तास कमी केले पाहिजेत.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना रात्री वाहनांच्या दिव्यात चमकणारे पट्टे घालण्याचे काम मुंबई-पुण्यात अनेक कार्यकर्ते करतात आणि त्याने अपघात टळतात. ते पूर्ण वाढलेल्या, रोज खाऊ घालणाऱ्याच्या नजरेखाली असलेल्या कुत्र्यापुरते योग्य आहे. वस्तीतील मुले प्रेमाने पिल्लाच्या गळ्यात सुतळी किंवा रिबन बांधतात, ते पिल्लू महिन्याभरात दुसऱ्या गल्लीत जाते, मान वाढते, सुतळी तेवढीच राहते आणि कातडीत रुतते. अशी पिल्ले पशुवैद्यांपुढे येतात तेव्हा दोरा जखमेच्या आत गेलेला असतो आणि गुंगी दिल्यावाचून तो काढता येत नाही. ज्या पिल्लाला उद्या कोणी पाहणार नाही, त्याच्या गळ्यात काहीही बांधू नये. नसबंदी आणि लसीकरण झालेल्या मोकळ्या कुत्र्याची ओळख राहावी म्हणून शस्त्रक्रियेच्या गुंगीतच त्याच्या कानाच्या टोकाला खाच पाडतात. ती जन्मभर दुरून दिसते आणि तिने त्याच्या गळ्याला स्पर्शही होत नाही.